पेन्शनला चिकटलेला विमा: हक्काचा कोणता, गळ्यात मारलेला कोणता?

शिरवळ परिसरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगाराच्या आयुष्यात विमा तीन वाटांनी येतो. पहिला पीएफसोबत येतो. दुसरा बँकेच्या बचत खात्याला जोडलेला असतो आणि त्याचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापला जातो. तिसरा कुणीतरी घरी येऊन किंवा बँकेच्या टेबलावर बसवून ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून विकतो. यातला पहिला विमा कामगाराला एका रुपयालाही पडत नाही, पण त्याची माहिती त्याला सर्वांत कमी असते. तिसऱ्यासाठी तो पोटाला चिमटा काढून पैसे भरतो, आणि त्यातून नेमकं काय मिळणार हे बहुतेकदा त्याला हप्ते थकल्यावरच कळतं.

म्हणून ‘पेन्शनसोबत आलेला विमा फसवून विकला गेला, असं म्हणून पैसे परत मागता येतात का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी तो विमा कोणता, हे पाहावं लागतं. हक्काचा विमा मागायचा असतो, न विचारता लावलेला बंद करायचा असतो आणि फसवून विकलेल्याविरुद्ध तक्रार करायची असते. या तिन्हींची सरमिसळ झाली की नुकसान आपलं होतं.

‘पेन्शन’ या शब्दाचं वजन

आपल्या समाजात पेन्शन हा शब्द साधा नाही. ब्रिटिश सैन्यात नोकरी केलेल्या महार सैनिकांच्या कुटुंबांना शिक्षणाची आणि स्थिर आयुष्याची पहिली संधी ज्या गोष्टींमुळे मिळाली, त्यात लष्करी पेन्शन होती. दापोलीला अशा पेन्शनरांची वसाहत होती. गोपाळबाबा वलंगकर लष्करी पेन्शनर होते. सुभेदार रामजीही पेन्शनर होते. ते कुटुंबासह साताऱ्याला आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. हा दिवस आपण आज विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार, या खात्रीवर एका पिढीने पुढच्या पिढीच्या शिक्षणाचा विचार केला.

पुढे रेल्वे, नगरपालिका, एसटी, शाळा आणि सरकारी कार्यालयं यांतल्या नोकऱ्यांनी ही परंपरा चालवली. वस्तीतल्या निवृत्त माणसाच्या पेन्शनवर नातवाची फी भरली जाते, हे आजही दिसतं. पण हा आधार आता आकसतो आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले ते याच प्रश्नावर. खासगी कारखान्यातल्या कामगाराला ईपीएस-९५ या योजनेतून पेन्शन मिळते आणि तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर थांबलेली आहे. त्यातही दहा वर्षांची नोकरी पूर्ण व्हावी लागते. कंत्राटदार बदलला की खातं बदलणाऱ्या, मधे सहा महिने घरी बसणाऱ्या मुलाची दहा वर्षं कागदावर कधी भरायची?

खरी पेन्शन अशी दुर्मीळ झाली की पेन्शनच्या नावाने काहीही विकता येतं. फसव्या विक्रीची सुरुवात एजंटच्या जिभेपासून होत नाही, या पोकळीपासून होते.

पहिला विमा: जो विकलेलाच नाही

पीएफ कापला जात असेल तर कामगाराला एक विमा आपोआप लागू होतो. त्याचं नाव कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, म्हणजे ईडीएलआय. ही योजना १९७६ पासून आहे. तिचा हप्ता, पगाराच्या अर्धा टक्का, पूर्णपणे मालक भरतो. कामगाराकडून काहीही कापायचं नसतं.

कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला, मग तो कारखान्यात असो, घरी आजाराने असो की खंबाटकी घाटातल्या अपघातात, तर त्याच्या कुटुंबाला ही रक्कम मिळते. हिशोब असा: शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची ३५ पट, त्यासाठी पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. त्यात पीएफ खात्यातल्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त पावणेदोन लाख, मिळवायची. सगळं मिळून कमाल ७ लाख रुपये होतात. सलग बारा महिने नोकरी झाली असेल तर किमान रक्कम अडीच लाख आहे. समजा सरासरी पगार १२,००० आणि पीएफची सरासरी शिल्लक ८०,००० आहे. तर ४ लाख २० हजार अधिक ४० हजार, म्हणजे ४ लाख ६० हजार रुपये कुटुंबाचे झाले.

२०२५ मध्ये यात कंत्राटी कामगारांच्या उपयोगाचे बदल झाले. एका नोकरीतून दुसरीत जाताना साठ दिवसांपर्यंत खंड पडला तरी नोकरी सलग धरली जाते. वर्ष पूर्ण होण्याआधी मृत्यू झाला तरी किमान ५० हजार रुपये मिळतात. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव हजेरीपटावर असेल, तरीही हक्क राहतो.

याशिवाय ईपीएसमधून विधवेला पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन असते. म्हणजे पेन्शन आणि विमा यांची खरी जोडी कायद्याने आधीच बांधून दिली आहे.

मग अडतं कुठे? कंत्राटी कामगार गेला की कंत्राटदार अंत्यविधीला काही हजार रुपये देतो आणि ‘आमच्याकडून मदत झाली’ असं सांगतो. घरचे त्याचे आभार मानतात. ईडीएलआयचा अर्ज भरायला कुणी सांगत नाही. कधी वारसाची नोंद नसते. कधी आधारवरचं आडनाव एक आणि पीएफमधलं दुसरं असतं. आपल्याकडे आडनावं बदललेली घरं कमी नाहीत, त्यामुळे ही अडचण आपल्याला जास्त भेडसावते. कधी कंत्राटदाराने पगारातून पीएफ कापलेला असतो, पण भरलेला नसतो. अशा वेळी मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. कंत्राटी कामगारांची पीएफ वर्गणी भरली जाण्याची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर आहे. ईडीएलआयऐवजी कंपनीने स्वतःचा गट विमा घेतला असेल, तर त्याचा लाभ ईडीएलआयपेक्षा कमी असता कामा नये.

या विम्याला ‘फसवून विकला’ असं म्हणता येणार नाही, कारण तो विकलेलाच नाही. इथे फसवणूक माहिती दडवण्याची आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे दावा करणं.

दुसरा विमा: खात्यातून परस्पर कापला जाणारा

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. अटल पेन्शन योजना वेगळी आहे. तिच्यात १८ ते ४० या वयात नाव नोंदवून साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून तिच्यात नव्याने येता येत नाही.

या योजना वाईट नाहीत. ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण गरीब कुटुंबासाठी मोलाचं आहे. प्रश्न संमतीचा आहे. खातं उघडताना, कर्ज घेताना किंवा पेन्शन सुरू करताना दहा सह्यांत एक सही याचीही घेतली जाते. मग घरातल्या माणसांना विमा आहे हे माहीतच नसतं, आणि माणूस गेल्यावर कुणी दावा करत नाही. दुसरीकडे एकाच माणसाच्या दोन बँक खात्यांतून जीवनज्योतीचे दोन हप्ते जातात, पण दोन लाखांपेक्षा जास्त कधीच मिळत नाहीत. दुसरा हप्ता फुकट जातो.

इथे तक्रार बँकेविरुद्ध करायची. संमतीचा कागद दाखवा, असं लेखी मागायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. रक्कम लहान असते हे खरं. पण अशा लहान कपाती हजारो खात्यांतून होतात.

तिसरा विमा: ‘पेन्शन प्लॅन’

आता मुख्य प्रश्न. निवृत्त झालेल्या सफाई कामगाराच्या खात्यात ग्रॅच्युइटी आणि पीएफचे पैसे येतात. खात्यात रक्कम आली हे बँकेला सगळ्यांत आधी दिसतं. ‘एफडीपेक्षा चांगलं आहे, एकदाच भरायचं, पाच वर्षांनी पेन्शन सुरू, वर विमा मोफत.’ सह्या होतात. वर्षभराने फोन येतो: ‘तुमचा दुसरा हप्ता थकला आहे.’ तेव्हा कळतं की एकरकमी ठेव नव्हती, दहा वर्षं दरसाल भरायची पॉलिसी होती. कधी वय जास्त असल्याने पॉलिसी मुलाच्या नावावर काढलेली असते आणि मुलाचं उत्पन्न अर्जात भलतंच वाढवून लिहिलेलं असतं. हा नमुना आता देशभर ओळखीचा झाला आहे.

यातली आकडेमोड विक्रेता कधी करून दाखवत नाही, म्हणून आपण करू. दरसाल ५० हजार, दहा वर्षं, म्हणजे पाच लाख भरले. तेवढ्याच रकमेवर साडेसहा टक्के दराने आजन्म पेन्शन घ्यायची म्हटलं तर वर्षाला ३२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,७०० रुपये होतात. दहा वर्षांत पाच लाखांत काही भर पडेल, तेवढी पेन्शन वाढेल. पण महिना १० हजारांची पेन्शन हवी असेल तर याच दराने साधारण साडेअठरा लाखांची पुंजी लागते. ‘वर्षाला ५० हजार भरा, म्हातारपणी राजासारखे राहा’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि ‘मोफत’ विमा? तो मोफत नसतो. हप्त्यातूनच त्याची किंमत जाते. शिवाय अशा प्लॅनमध्ये मृत्यूनंतर मिळणारी रक्कम अनेकदा भरलेल्या हप्त्यांपेक्षा थोडीच जास्त असते. म्हणजे पेन्शन तोकडी आणि विमाही तोकडा. शुद्ध मुदत विमा आणि वेगळी बचत असं केलं तर कुटुंबाला संरक्षण कितीतरी मोठं मिळतं. पण मुदत विम्याचा हप्ता लहान असतो आणि त्यामुळे विकणाऱ्याच्या हाती फारसं कमिशन पडत नाही.

फसवी विक्री कशाला म्हणायची?

इथे कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. परतावा कमी मिळाला म्हणून विक्री फसवी ठरत नाही. बाजार पडला, युलिपची किंमत घसरली, तर तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. विकताना काय सांगितलं आणि कागदावर काय होतं, यातली तफावत दाखवावी लागते. ती शोधण्यासाठी पुढचे प्रश्न विचारायचे.

ठेव म्हणून सांगितलं आणि विमा निघाला का? एकरकमी सांगून दरसालचे हप्ते निघाले का? उत्पन्न, व्यवसाय किंवा शिक्षण अर्जात खोटं लिहिलं आहे का? महिना १४ हजार कमावणाऱ्याच्या अर्जात वर्षाला सहा लाख उत्पन्न असेल, तर तो कागद स्वतःच साक्षीदार आहे. सही इंग्रजी अर्जावर मराठीत किंवा अंगठ्याने आहे का? तसं असेल तर अर्ज समजावून सांगितल्याची घोषणा कुणी केली आहे, तिथे सही कुणाची आहे? विकल्यानंतर कंपनीकडून खातरजमेचा फोन आला होता का, आणि तो कुणाच्या मोबाइलवर गेला? लॉकर किंवा कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागेल, असं सांगितलं होतं का? अशी सक्ती करता येत नाही.

प्रस्ताव अर्जाची प्रत मिळणं हा विमाधारकाचा हक्क आहे. पहिलं काम तीच मागण्याचं. तोंडी आश्वासन सिद्ध करणं अवघड असतं, पण अर्जातला खोटेपणा छापलेला असतो. अटी लपवण्याबाबतही न्यायालयांची भूमिका स्पष्ट आहे. लाभ नाकारणाऱ्या अटी विमाधारकाला कळवलेल्याच नसतील, तर विमा कंपनीला त्यांच्या आडोशाला जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मॉडर्न इन्शुलेटर्सच्या खटल्यात म्हटलं आहे.

दाद कुठे आणि किती दिवसांत?

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवस ‘फ्री लूक’ची मुदत असते. पूर्वी ती बहुतेक पॉलिसींना पंधरा दिवस होती, २०२४ च्या नियमांनी वाढली. या काळात पॉलिसी परत केली तर किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. म्हणून घरात नवी पॉलिसी आली की पहिल्याच आठवड्यात कुणी तरी ती वाचायला हवी. या एका सवयीने निम्मे प्रश्न संपतील.

मुदत उलटली असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. विमा नियामक प्राधिकरणाचं ‘बिमा भरोसा’ हे पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक त्यासाठी आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर विमा लोकपाल. सातारा जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी शिरवळचा माणूस साताऱ्यात दाद मागू शकतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. एकच प्रकरण ग्राहक आयोग किंवा न्यायालयात चालू असेल तर विमा लोकपाल ते घेत नाही, त्यामुळे वाट आधी ठरवावी. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि दावा बसतच नसेल तर? तेव्हाही पर्याय असतात. जुन्या नियमांत साधारण दोन-तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरल्याशिवाय सरेंडरची रक्कमच तयार होत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचे हप्ते पूर्ण भरले असतील तरी काही रक्कम परत मिळण्याची सोय झाली आहे. चालू ठेवणं, हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवणं आणि सरेंडर करणं, या तिन्हींचा आकडा कंपनीकडून लेखी घ्यावा आणि मग ठरवावं. ‘तुमची बुडालेली पॉलिसी सोडवून देतो, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो चोराचाच समजावा.

इंग्लंडमध्ये जे झालं, ते इथे का नाही?

ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९४ या काळात लाखो कामगारांना कंपनीची चांगली पेन्शन सोडायला लावून खासगी पेन्शन विकली गेली. पुढे कर्जासोबत चिकटवलेल्या विम्याचं, पीपीआयचं, प्रकरण उघडकीला आलं. तिथे नियामकांनी कंपन्यांना स्वतःच्या जुन्या विक्रीची तपासणी करायला लावली. पीपीआयचे दावे करण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली आणि बँकांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत द्यावे लागले. हे आपोआप झालं नाही. ग्राहक संघटना, पत्रकार आणि न्यायालयं यांचा रेटा मागे होता.

आपल्याकडे नुकसान लहान नव्हतं. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुझन थॉमस या अभ्यासकांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळात फसव्या आयुर्विमा विक्रीतून ग्राहकांचं सुमारे दीड लाख कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज मांडला. सरकार आणि नियामकांनी नियम बदलले. सप्टेंबर २०१० पासून युलिपवरच्या शुल्काला मर्यादा आली. पण बदल पुढच्या विक्रीसाठी झाला, आधी बुडालेल्यांना कुणी शोधत आलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही बँकांमधल्या फसव्या विमा विक्रीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. नाराजी ठीक आहे, पण भार अजूनही एकेकट्या फसलेल्या माणसावरच आहे. त्यानेच ओळखायचं, त्यानेच लिहायचं, त्यानेच खेपा घालायच्या. ज्याची रोजंदारी बुडते तो खेपा घालत नाही, आणि व्यवस्थेचा हिशोब यावरच चालतो.

म्हणून मागणी ही हवी: एका शाखेतून किंवा एका विक्रेत्याकडून ठरावीक संख्येने तक्रारी सिद्ध झाल्या, तर त्या शाखेची त्या काळातली सगळी विक्री कंपनीने स्वखर्चाने तपासावी. तोवर आपल्या हातात एक तरतूद आहे. समान तक्रार असलेले अनेक ग्राहक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. एका वस्तीतल्या पंधरा जणांना एकाच माणसाने एकाच थापेने पॉलिसी विकली असेल, तर पंधरा वेगळ्या रडगाण्यांपेक्षा एक संयुक्त तक्रार भारी पडते.

विकणारा आपलाच असतो तेव्हा

हा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. वस्तीत पॉलिसी विकायला परका क्वचितच येतो. स्पर्धा परीक्षेची चार वर्षं गेलेला पदवीधर, मंडळाचा कार्यकर्ता, जयंतीला वर्गणी गोळा करणारा ओळखीचा चेहरा येतो. ‘जय भीम, काका’ म्हणून तो दारात उभा राहतो आणि त्या दोन शब्दांवर सही होते. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, वंचित समाजात माहितीची जागा ओळख घेते. ज्यांना बँकेने, कचेरीने कायम परकं मानलं, ते आपल्या माणसावर विसंबतात. हाच विश्वास आपल्या चळवळीचं भांडवल आहे. कंपन्या एजंट नेमतात तेव्हा त्या हे भांडवलच भाड्याने घेत असतात.

त्या मुलाला खलनायक ठरवून काही साधणार नाही. त्याच्यावर महिन्याचं टार्गेट असतं, मोठं कमिशन पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर असतं, आणि त्याला स्वतःलाही उत्पादन नीट समजावलेलं नसतं. पण सहानुभूती म्हणजे सूट नव्हे. पंचशीलातलं चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहायला सांगतं. अर्धं सत्य सांगून घेतलेली सही त्यात बसत नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका आहे, ती याच प्रश्नासाठी. आणि घेणाऱ्यासाठी कालाम सुत्त आहे: सांगणारा आपला आहे, मोठा आहे, म्हणून मानू नका, स्वतः तपासा. सिगालोवाद सुत्तात तर भगवान बुद्धांनी गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि एक संकटासाठी राखून. संकटासाठी राखलेला तो चौथा भागच आज सगळ्यांत जास्त लुटला जातो आहे.

बाबासाहेबांचं विम्याचं गणित

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यायला राज्याने लावावं, अशी मांडणी केली. कारण दुहेरी होतं. खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी माणसाला जास्त सुरक्षित ठेवते, आणि जमा होणारा पैसा देशाच्या आर्थिक नियोजनाला उपयोगी पडतो. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं, धम्मदीक्षेच्या सहा आठवडे आधी. २००० पासून हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुलं झालं, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात विम्यातली परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के करण्याची घोषणा झाली.

सरकारी कंपनी विकते म्हणून विक्री फसवी होत नाही, असा दावा मी करणार नाही. मुद्दा वेगळा आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत विमा हा नागरिकाच्या मिळकतीला जोडलेला हक्क होता. ईडीएलआयमध्ये त्या विचाराची सावली दिसते: हप्ता मालकाचा, लाभ कुटुंबाचा, मध्ये एजंट नाही. पेन्शन प्लॅन नेमका याच्या उलट आहे. त्यामुळे आपली लढाई फसलेल्या पॉलिसीचे पैसे परत मिळवण्यापुरती ठेवून चालणार नाही. ईपीएसची किमान पेन्शन वाढावी, कंत्राटी कामगाराचा पीएफ दर महिन्याला भरला जावा, आणि मृत्यूनंतर ईडीएलआयचा अर्ज भरून देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी, या मागण्या तिला जोडाव्या लागतील.

शिरवळपासून जवळच नायगाव आहे, सावित्रीमाईंचं जन्मगाव. दर ३ जानेवारीला तिथे हजारो लोक जातात. शिकण्याचा अर्थ त्यांच्यासाठी अक्षर ओळखण्यापुरता नव्हता, कागदाला घाबरणं थांबवणं हाही होता. आजच्या तरुणांकडे मोबाइल आहे, इंग्रजी वाचता येतं, पोर्टलवर अर्ज भरता येतो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास पुरेसा आहे. प्रत्येकाने घरातली पॉलिसी आणि पीएफचा यूएएन क्रमांक घेऊन यावं. वारसाची नोंद आहे का, नाव जुळतं का, मालकाची वर्गणी जमा होते का, पॉलिसी किती वर्षांची आहे आणि हप्ता कुठवर भरायचा आहे, एवढं वहीत लिहून घ्यावं. तीन रविवारांत त्या वस्तीचं चित्र समोर येईल. कुणाचा दावा राहिला आहे आणि कुणाची तक्रार मुदतीत बसते, हे त्या वहीतून कळेल. पुढचं पत्र कुणाला लिहायचं, तेही.